कोब्यावरचा खडू

पुतण्या चाकणहून आला तो मित्राची पिकअप घेऊन, आणि हौद्यात एकच चाक आडवं टाकून. आम्ही दोघांनी ते खाली उतरवलं तेव्हा माझ्या कमरेने मला माझं वय सांगितलं. अण्णा ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. चाक गडगडत पायरीपर्यंत आलं, पायरीला टेकलं, तरी अण्णा उठले नाहीत.

"ट्रॅक्टरचं आहे का रे?"

"आपल्या कमांडरचं होणार आहे, अण्णा. एकतीस इंची."

"कोणी सांगितलं, होणार आहे?"

वाद इथून सुरू झाला आणि दुपारच्या जेवणापर्यंत चालला. गाडी माझ्या नावावर, चालवतात अण्णा, आणि दुरुस्तीचा अर्धा खर्च पुतण्या करतो. त्यामुळे बोलायचा हक्क तिघांनाही होता. मी तो फारसा वापरला नाही.

आधी गाडीबद्दल. महिंद्राची कमांडर, १९९८ची, चारही चाकांना ओढ देणारी, डीआय इंजिनाची. मूळची उघडी होती. आम्ही वर पत्र्याची बंद बॉडी बसवून घेतली. गावात तिला कोणी जीप म्हणत नाही, 'व्हॅन' म्हणतात. आमचं गाव डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला आहे, आहुप्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत फुटणाऱ्या कच्च्या वाटेवर. उन्हाळ्यात हिरड्याची पोती, दिवाळीनंतर भात, पावसाळ्यात घोडेगावच्या दवाखान्यात न्यायचं माणूस, असं सगळं तिने वाहिलं आहे. टायर आता गुळगुळीत झाले होते. नवे घ्यायचे, एवढ्यावर तिघांचं एकमत होतं.

"मोठं चाक कशाला, ते आधी सांग," अण्णा म्हणाले.

"मागच्या श्रावणात गाडी कुठे अडकली होती?"

"ओढ्याच्या पल्याड. दगडावर बसली."

"कशावर बसली? मागच्या क्राऊनच्या गोळ्यावर. गाडीचं पोट चांगलं वर आहे, पण हा गोळा खाली लोंबतो. पाटे वाढवा, बॉडी उचला, गोळा तिथेच राहणार, कारण तो आसाला आहे आणि आस चाकाला आहे. त्याला वर उचलायचा एकच मार्ग, चाक मोठं करणं."

हे बिनतोड होतं. अण्णांनीही मान हलवली, पण अर्धीच.

"किती उचलतो?"

पुतण्याने मोबाइल काढला. आपल्या टायरवर ६.००-१६ लिहिलंय, म्हणजे रुंदी सहा इंच आणि रिम सोळा इंचाची. उंची लिहिलेली नसते, पण ती साधारण ७३० मिलिमीटर भरते. आणलेलं चाक एकतीस इंची, म्हणजे ७८७. फरक सत्तावन्न मिलिमीटरचा. तो निम्मा वर जातो, निम्मा खाली. तेव्हा गोळा उचलणार अठ्ठावीस मिलिमीटर.

"म्हणजे एक इंच."

"सव्वाला थोडं कमी."

"एका इंचासाठी पाच चाकं, पाच डिस्का?" अण्णांनी तंबाखू तोंडात टाकली. "त्या दगडाला मी पहारीने एक इंच खाली घातला असता तर?"

मला हसू आलं. पुतण्याला आलं नाही. त्याचं म्हणणं एक इंचापुरतं नव्हतंच. मोठं चाक खड्ड्यात कमी उतरतं, दगडावर अलगद चढतं, हे बैलगाडीच्या काळापासून ठाऊक आहे. गाडीची चाकं छातीएवढी असायची ती काही शोभेला नव्हे. त्यात हे रेडियल आणि ट्यूबलेस. चिखलात हवा तीस पौंडांवरून अठरावर आणली की टायर खाली पसरतो, लांबट होतो, जमिनीला जास्त धरतो. आपल्या ट्यूबच्या टायरात तेवढी हवा काढली तर टायर रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि टोंटीपाशी फाटते. हे त्याने नीट समजावून सांगितलं, आणि खरं होतं. अण्णांच्या हातून अशी एक ट्यूब फाटल्याचं मला आठवत होतं. मी बोललो नाही.

"रुंदी किती तुझ्या चाकाची?"

"साडेदहा इंच."

"इथं घोटाळा आहे." आता मात्र अण्णा उठले. "आपल्याकडचा चिखल कसा असतो? वरती चार बोटं राडा, खाली मुरूम नाहीतर काळा कातळ. बारीक चाक राडा कापतं आणि खाली कडक जमीन धरतं. रुंद चाक राड्यावर तरंगतं. तरंगलं की घसरतं. समुद्राच्या वाळूत ने, राजस्थानात ने, तिथे तुझं चाक राजा. भाताच्या खाचरात मांडीएवढा चिखल असतो, तिथेही चालेल म्हण. पण खाचरात गाडी घालतो कोण?"

"हायवेवरच्या बोलेरोंना रुंद टायर असतातच की."

"हायवेवर. नारायणगावला टोमॅटो उतरवायला जाताना वरून पाऊस आला तरी खाली डांबर आहे. आणि त्या पाण्यातही रुंद चाक लवकर तरंगतं, हे तूच मागे सांगितलं होतंस."

पुतण्या गप्प झाला. हे त्याने खरोखरच सांगितलं होतं, मंचरच्या अलीकडे, वायपर बंद पडलेला असताना.

इथे मला एक गोष्ट मधेच सांगावीशी वाटते. सहा इंच रुंद आणि सोळा इंची रिम, हे माप कोणी आंबेगाव तालुक्यात बसून ठरवलेलं नाही. १९४१ साली अमेरिकी लष्कराची विलीज जीप निघाली ती याच ६.००-१६ टायरवर. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने मुंबईत विलीज जीप जुळवायला सुरुवात केली, आणि तिच्या वंशातल्या गाड्यांबरोबर हे माप सह्याद्रीत आलं. युद्धात ज्या गाडीला वाळू, बर्फ, चिखल, सगळंच तुडवायचं होतं, तिला एवढं अरुंद चाक का दिलं असेल, याचा विचार मोठ्या चाकांच्या हौशी लोकांनी एकदा करावा. चाक अरुंद होतं, पण बुटकं नव्हतं. हे मला त्या दुपारीच कळलं, आणि कळलं खडूमुळे.

खडूची कल्पना पुतण्याची. नुसत्या आकड्यांनी अण्णा हलणार नाहीत हे त्याने ओळखलं. अंगणातला कोबा सपाट आहे. गाडी तिथे आणली, उजवं पुढचं चाक जॅकवर घेऊन काढलं आणि त्या जागी उसनं चाक चढवलं. पाच नट, तीच भोकं, तंतोतंत बसलं. गाडी खाली सोडली तेव्हा ती डावीकडे कलली, एका पायात उंच चप्पल घातल्यासारखी. शेजारची पोरं जमली.

दोन्ही पुढच्या चाकांच्या बुडाला खडूची रेघ, तिथेच कोब्यावर एकेक रेघ. गाडी न्यूट्रल, फोर बाय फोर काढलेलं. आम्ही मागून हळूहळू ढकलत गेलो, आणि प्रत्येक चाकापाशी एकेक मुलगा वाकून बसला. डाव्या, जुन्या चाकाची रेघ आधी जमिनीला आली. "आली!" मुलगा ओरडला. खूण केली. गाडी अजून थोडी ढकलली, मग उजवीकडचा मुलगा ओरडला. टेप लावला. जुनं चाक एका फेऱ्यात सात फूट साडेतीन इंच गेलं, नवं सात फूट दहा इंच.

अण्णा त्या दोन खुणांच्या मधल्या साडेसहा इंचांकडे बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "एवढं प्रत्येक फेऱ्याला?"

"प्रत्येक फेऱ्याला. म्हणजे काट्यावर साठ दिसलं की खरी गाडी चौसष्टने पळणार."

"काट्याचं सोड, काटा कधीचा मेलाय. इंजिनाचं बोल. इंजिन तेवढंच, गिअर तेवढेच, क्राऊन तेवढाच. मग चढाला ओढणार कोण?"

आता अण्णा त्यांच्या मैदानात आले होते. चाक मोठं केलं की प्रत्येक गिअर थोडा लांब होतो. दुसऱ्यात चढणारी गाडी पहिला मागते. हे पुतण्याला मान्य होतं. "लो आहे ना आपल्याकडे," तो म्हणाला. चढाचं उत्तर लोमध्ये होतं खरं, पण अण्णांना काळजी उताराची होती. वरच्या वाड्यातून भाताची पोती घेऊन उतरताना ते ब्रेकवर उतरत नाहीत, गिअरवर उतरतात. इंजिन गाडीला मागे धरून ठेवतं. चाक आठ टक्के मोठं, तर ती धरही तेवढी सैल. ब्रेकचंही तेच: ड्रम तेवढाच, लायनर तेवढेच, पण चाकाचा हात लांब झाला, म्हणजे रस्त्यावर पोचणारा जोर कमी. त्यात चाक स्वतःच जड. फिरायला लागलं की थांबायला वेळ मागतं.

"शर्यतीच्या छकड्याला कोणी मालाच्या गाडीची चाकं लावतं का?" अण्णांनी विचारलं.

या प्रश्नाला आमच्या तालुक्यात दुसरं उत्तर नाही. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना पुन्हा परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने त्यांना मान्यता दिली. मधल्या सात वर्षांत बैल म्हातारे झाले, पण छकड्याचं वजन वाढवावं असं कोणाला सुचलं नाही. शर्यतीच्या घाटात उभ्या राहणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा, तो चाक आधी हाताने उचलून बघतो.

पुतण्याने आणलेलं चाकही अण्णांनी नंतर उचलून पाहिलं. म्हणजे उचलायचा प्रयत्न केला. "हे रात्रीच्या पावसात, एकट्याने, उतारावर चढवायचं," एवढंच बोलले. स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली असते, आणि त्या दाराच्या बिजागऱ्या आत्ताच कुरकुरतात, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

वाद इथे संपला असता तर लेख लिहिण्यासारखं काही नव्हतं. पण अण्णांचा स्वतःचा एक बेत होता, आणि तो पुतण्याने त्याच खडूवर मोडला.

बेत असा: पुढचे दोन टायर अजून थोडे दिवस जातील, मागचे दोनच नवे घ्यावेत. एका दुकानात त्यांनी दोन नवेकोरे, पण स्वस्तात मिळणारे टायर बघूनही ठेवले होते. पुतण्याने विचारलं, टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे काय होते? अण्णांनी चक्क खिशातून कागद काढला. रोजच्या हिशेबाच्या मागे लिहिलेलं होतं: ३४१६.

"चौतिसावा आठवडा, २०१६ साल. तेव्हा बनलेला टायर आहे हा. कोरा आहे, पण रबर म्हातारं झालंय. नुसतं ठेवून ठेवूनही ते कडक होतं, चिरतं. त्यावर भात भरून उतरणार?"

अण्णांनी कागदाची घडी घातली.

"आणि दुसरं," पुतण्या कोब्यावर बसला आणि खुणांवर बोट ठेवलं. "डावं-उजवं चाक वेगळं फिरलं तर मधला गोळा ते सांभाळतो, म्हणून आत्ता काही बिघडलं नाही. पण पुढचा आस आणि मागचा आस, यांच्यामध्ये आपल्या गाडीत काही नाही. फोर बाय फोरचा दांडा टाकला की दोन्ही एकत्र बांधले जातात, सारखेच फेरे मारतात. मागे नवे उंच टायर, पुढे झिजलेले, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला थोडं अंतर कमी-जास्त. ते अंतर कुठे जाणार? चिखलात चाक घसरून घेतं. कातळावर, डांबरावर घसरत नाही. मग ताण क्रॉसवर, गिअरपेटीवर. तुम्ही म्हणता ना, हल्ली दांडा काढताना अडकतो?"

"ओढून काढावा लागतो," अण्णा पुटपुटले.

"मागचे दोन मागच्या वर्षी रिमोल्ड टाकलेत तुम्ही. पुढचे मूळचे."

मी इतकी वर्षं समजत होतो की दांड्याला तेल लागतं. अण्णाही तेच समजत होते. दर महिन्याला घालत होते. आम्ही तिघे त्या दांड्याकडे बघत राहिलो.

म्हणजे घ्यायचे तर पाचही, एकाच मापाचे, एकाच वेळी. हा मुद्दा पुतण्याने निर्विवाद जिंकला. आता माप कोणतं?

एकतीस इंचावरून तो हळूच खाली आला होता. त्याची नवी मागणी २३५/७५ आर १५, बोलेरोवर जे २१५/७५ येतात त्याच्या एक पायरी वरचं. हे तरी मोठं मानायचं की नाही? त्याने हिशोब केला. २३५ मिलिमीटर रुंदी, तिचे पंचाहत्तर टक्के म्हणजे बाजूची उंची १७६. दोन बाजू मिळून साडेतीनशेच्या वर. त्यात पंधरा इंची रिमचे ३८१. बेरीज ७३३.

त्याने परत केली. तेवढीच आली.

"आपल्या जुन्याएवढंच," तो म्हणाला. आवाजात थोडी निराशा होती. शहरात ज्याला लोक मोठं टायर म्हणून पैसे मोजतात, ते उंचीला आमच्या झिजलेल्या ६.००-१६च्या बरोबरीचंच निघालं. वाढते ती फक्त रुंदी. आणि बोलेरोचं कंपनीचं २१५/७५ लावलं तर गाडी उलट तेरा मिलिमीटर खाली येते. अण्णांना हे आकडे कळले की नाही माहीत नाही, पण पुतण्याचा चेहरा कळला. त्यांनी त्यावर विजय साजरा केला नाही. त्याच्याकडे पाण्याचा तांब्या सरकवला.

कायद्याचा मुद्दा मी काढला, कारण गाडी माझ्या नावावर आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ मापापासून हटणारा फेरफार चालत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठणकावून सांगितलं. आमची गाडी पंधरा वर्षं ओलांडून गेलेली. दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणीला न्यावी लागते. आता पुढची २०२८ साली. पुतण्या म्हणाला, सगळे करतात तसं करू, त्या दिवशी जुनी चाकं चढवून नेऊ. मी म्हटलं, उतारावर काही झालं आणि विमा कंपनीचा माणूस टेप घेऊन आला, तर त्यालाही जुनी चाकं चढवून दाखवायची का? यावर अण्णाही माझ्या बाजूने बोलले नाहीत. त्यांना कलमांपेक्षा लायनरांची काळजी जास्त. पण गप्प बसले, हेही पुष्कळ.

पुतण्याकडे शेवटचा मुद्दा उरला होता, आणि तो त्याने दबक्या आवाजात काढला. पावसात कोणाला रात्री खाली न्यायचं असेल तर? गाडी अडकली तर?

३० जुलै २०१४ला माळीण गाव दरडीखाली गेलं. दीडशेवर माणसं. आमच्या भागात पावसाची गोष्ट निघाली की बोलणं तिथे येऊन थांबतं. त्या सकाळी आधी कळलं ते एसटीच्या चालकाला. रोजचं गाव जागेवर नव्हतं. अण्णा त्या वाटेवर वर्षानुवर्षं गाडी घेऊन गेलेले. ते म्हणाले, "पाऊस तसा लागला की मी गाडी वर ठेवतच नाही. आदल्या सांजेला खाली डांबरावर आणून लावतो. माणसाला डोलीने तिथपर्यंत आणता येतं. अडकलेल्या गाडीला कोण आणणार?"

पुतण्या काही बोलला नाही. मीही नाही. मी इतकी वर्षं गाडी खाली का लावलेली असते हे विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, अंगणात चिखल होतो म्हणून.

मग निर्णय झाला तो असा. माप तेच, ६.००-१६, पाचही नवे, ताज्या तारखेचे, खोल नक्षीचे. उरलेल्या पैशांतून आधी चारही चाकांचे लायनर आणि ब्रेकचे सिलिंडर, मग पुढच्या चाकांची बेअरिंगं. हवा भरायचा छोटा पंप पुतण्या आणणार, बॅटरीवर चालणारा. चिखलात हवा पंचवीसपर्यंत उतरवायची, त्याखाली नाही, आणि डांबरावर आलं की पुन्हा भरायची. अण्णांनी हवेचं कबूल केलं, पण घड्याळी मापक त्यांच्या हातात राहणार या अटीवर. माझं मत विचाराल तर रुंदीच्या बाबतीत अण्णा बरोबर होते, आणि बाकी जवळजवळ सगळ्या बाबतींत पुतण्या. फक्त जे मागायला तो आला होता तेच त्याला मिळालं नाही.

उसनं चाक काढायचं राहिलं होतं. काढण्याआधी पुतण्या म्हणाला, एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून बघतो. उगाच, बघायला. गाडीत पॉवर स्टिअरिंग नाही. त्याने दोन्ही हातांनी ओढून ते उजवीकडे शेवटपर्यंत नेलं. शेवटाच्या आधीच चाक कशाला तरी टेकलं आणि कर्रर्र आवाज आला. मी खाली वाकलो. टायरची आतली बाजू पुढच्या पाट्यावर दाबून बसली होती. वळणाचे शेवटचे दोन-तीन इंच गेलेले. आमच्या वाटेवर तीन वळणं अशी आहेत की आत्ताच मागे-पुढे करून घ्यावी लागतात.

चाक उतरवलं तेव्हा मित्राच्या कोऱ्या टायरच्या बाजूवर पाट्याचा गंजकट ग्रीसचा वीतभर पट्टा उठला होता. पुतण्याने अंगठ्याने घासून पाहिला. जाईना.

"हे चाक उद्या परत द्यायचंय," तो म्हणाला.

अण्णा आत गेले आणि रॉकेलची बाटली आणि फडकं घेऊन आले.

"रॉकेल नको, अण्णा. रबर खाईल."

"बरं," अण्णा म्हणाले, आणि बाटली खाली ठेवून पुन्हा आत वळले. "मग साबण आणतो."